पुण्याच्या गच्चीवरून पृथ्वीचा परीघ: काठी, ओळंबा आणि नाशिकची मावशी

प्रश्न असा आहे: मे महिन्यात सोसायटीत आठवी-नववीच्या मुलांचं शिबिर आहे. शून्य सावली (सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते ती) दाखवायचीच आहे, पण प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने विहिरीत डोकावून पृथ्वी मोजली तसं पुण्यातून काही करता येईल का? गेल्या वर्षी स्टीलचा पेला उन्हात ठेवला होता, त्याची सावली काही पूर्ण गेली नाही. ते का?

करता येईल, आणि पुण्याला त्यासाठी आयती सोय आहे. पुण्याचा रेखांश ७३.८६ अंश, नाशिकचा ७३.७९, पणजीचा ७३.८३ आणि उदयपूरचा ७३.७१. नकाशावर पुण्यातून उभी रेघ मारली तर ती खाली पणजीला टेकते, वर नाशिकच्या अंगावरून जात थेट उदयपूरला पोचते. या प्रयोगात एकाच दिवशी दोन गावांतल्या मध्यान्हीच्या सावल्या मोजायच्या असतात, आणि त्याला अशीच दक्षिणोत्तर रेघ लागते. एराटोस्थेनिसला ती मिळाली नव्हती. त्याचं सायीनी, म्हणजे आजचं अस्वान, अलेक्झांड्रियाच्या सुमारे तीन अंश पूर्वेला आहे.

विहिरीत तो स्वतः डोकावला नव्हता. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सायीनीत भर दुपारी सावली पडत नाही, ही तेव्हाची सर्वश्रुत गोष्ट होती. त्याने मोजमाप केलं ते अलेक्झांड्रियात, वाटीसारख्या एका सूर्यघड्याळात. तिथे सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे ७.२ अंश, कललेली मिळाली. दोन गावांतलं अंतर ५००० स्टेडिया धरलं आणि त्याला पन्नासने गुणलं: अडीच लाख स्टेडिया. त्याचा मूळ ग्रंथ हरवला आहे. ही कृती आपल्याला क्लिओमिडीस नावाच्या नंतरच्या लेखकाकडून कळते. स्टेडिया म्हणजे नेमके किती मीटर यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, त्यामुळे ‘त्याचं उत्तर अमुक टक्के बरोबर होतं’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नका.

आता पेला. पेला वर रुंद आणि बुडाशी अरुंद असतो. सूर्य कितीही डोक्यावर आला तरी वरच्या काठाची सावली बुडाच्या बाहेर पडणारच. ती कधीच जाणार नाही, यात सूर्याचा दोष नाही. उलट समई ठेवली तर सावली पसरट बुडावरच पडते आणि बराच वेळ ‘शून्य शून्य’ म्हणून टाळ्या वाजत राहतात. तेही खोटंच. वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची वस्तू घ्या: पाइपचा सरळ कापलेला तुकडा, किंवा फळीवर उभा ठोकलेला लांब खिळा.

खरी शून्य सावली फार थोडा वेळ टिकते. त्या वेळी एक मीटर उंच काठीच्या टोकाची सावली मिनिटाला साधारण ४ मिलिमीटर पूर्वेकडे सरकत असते. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाहून किंचित रुंद आहे, त्यामुळे त्याचा कुठला ना कुठला भाग बरोबर डोक्यावर असण्याचा काळ जेमतेम सव्वादोन मिनिटं. मुलं ताक प्यायला खाली गेली तर संपलं.

दिवस कोणता? सूर्याची क्रांती (तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) आणि गावाचा अक्षांश जुळतात तो. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश उत्तर, आणि सूर्याची क्रांती तिथे वर्षातून दोनदा येते: १३ मेच्या आसपास सूर्य उत्तरेकडे जाताना आणि ३० जुलैच्या आसपास परत फिरताना. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने राज्यातल्या प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात. उदयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, त्याला एकही नाही. जुलैअखेर पुण्यात ढग असतात, तेव्हा मे महिनाच धरा. वळीव आला तरी बहुधा दुपार कलल्यावर येतो, बारा-साडेबाराला आभाळ मोकळं मिळण्याची शक्यता चांगली असते.

एका वादाचा निकाल इथेच लावून टाकू. मेच्या मध्यात सूर्याची क्रांती रोज साधारण पाव अंशाने वाढते, आणि पाव अंश म्हणजे जमिनीवर दक्षिणोत्तर सुमारे २७ किलोमीटर. कात्रज आणि निगडी यांच्यात दक्षिणोत्तर वीस-बावीस किलोमीटरचं अंतर आहे. त्यामुळे कात्रजकर म्हणाले १३ मे आणि निगडीकर म्हणाले १४ मे, तर दोघंही बरोबर असू शकतात. लीप वर्षाच्या फेऱ्यामुळे दरवर्षी काही तासांची सरकासरक होते ती वेगळीच. शिबिरात दोन्ही दिवस राखून ठेवा.

वेळ बाराची नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात. पुणे त्याच्या ८.६४ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं या हिशेबाने साडेचौतीस मिनिटं मागे. मेच्या मध्यात सूर्यघड्याळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा साडेतीन मिनिटांहून थोडं जास्त पुढे असतं, ते वजा करा. पुण्याचा मध्यान्ह येतो १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास. पणजी, नाशिक, उदयपूर इथे तो यानंतर जास्तीत जास्त ३५-४० सेकंदांनी येतो, म्हणजे व्यवहारात एकाच वेळी. जुलैअखेर मात्र हाच मध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांवर जातो. मे महिन्याची वेळ पाठ करून जुलैत गच्चीवर गेलात तर दहा मिनिटं उन्हात उगाच उभे राहाल.

आता साहित्य. साधी काठी रोवून सावलीचं टोक मोजायला गेलात की पहिली अडचण येते: टोक दिसतच नाही. सूर्य ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर रुंदीत गडदापासून फिकटापर्यंत विरत जाते. चार मुलांना विचारा, चार ठिकाणी बोट ठेवतील. नाशिकला मोजायची अख्खी सावलीच २६ मिलिमीटरची असताना ९ मिलिमीटरचा धूसर पट्टा चालणार नाही.

म्हणून काठीऐवजी भोकाची पट्टी वापरा. साधारण ३० सेंटिमीटर चौरस काळं जाड कार्डबोर्ड घ्या, मध्ये ३ मिलिमीटरचं स्वच्छ गोल भोक पाडा. पंचिंग मशीनचं भोक जरा मोठं पडतं, तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं बरं. कडेला लोंबणारे धागे काढून टाका. हे कार्डबोर्ड जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर आडवं बसवा: कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, किंवा दोन उंच स्टुलांवर टाकलेल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध. खाली जमिनीवर सूर्याचं गोल बिंब पडेल, साधारण १२ मिलिमीटरचं. गोलाची कड धूसर असली तरी त्याचा मध्य डोळ्याला मिलिमीटरच्या आत सापडतो. या प्रयोगातली निम्मी अचूकता इथे कमावली जाते.

बिंब पडेल तिथे कडप्प्याची फरशी ठेवा. प्लायवूड उन्हात वाकतं. फरशीवर अप्पा बळवंत चौकात मिळतो तो मोठा आलेखाचा कागद चिकटपट्टीने घट्ट बसवा. मग गवंड्याचा ओळंबा घ्या. दोरा भोकातून खाली सोडा, ओळंब्याचं टोक कागदाला टेकू न देता एक-दोन मिलिमीटर वर ठेवा आणि त्याच्या खाली पेन्सिलीने ठिपका काढा. हा तुमचा पायबिंदू. हे काम सकाळी आठच्या आत, वारा सुटण्यापूर्वी उरका. दोरा काढून टाका, आणि नंतर स्टँडला कोणी धक्का लावला तर पायबिंदू पुन्हा घ्या. लावतंच कोणीतरी.

मुलं सगळ्यात जपून काय मोजतात तर उंची, आणि या प्रयोगात सगळ्यात बिनमहत्त्वाची तीच. एक मीटरमध्ये एक मिलिमीटर चुकला तर फरक पडतो एक हजारांश. उलट पायबिंदू ५ मिलिमीटर चुकला, किंवा काठी वापरताना तिचं टोक तेवढं कललं, तर २६ मिलिमीटरच्या सावलीत ५ मिलिमीटरची चूक जशीच्या तशी उतरते, म्हणजे पृथ्वी पाचव्या हिश्शाने फुगते किंवा आक्रसते. पीव्हीसीचा पाइप मेच्या उन्हात नकळत वाकतो. काठीच हवी असेल तर खिडक्यांसाठी वापरतात ते ॲल्युमिनियमचं चौकोनी सेक्शन घ्या आणि दोन बाजूंनी ओळंबा लावून तपासा.

गच्चीच्या उताराचं काय? प्रत्येक गच्चीला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो. मे महिन्यात त्याने जवळजवळ काही बिघडत नाही, कारण सूर्य डोक्यावर असताना किंचित तिरक्या जमिनीवरही सावलीची लांबी फारशी बदलत नाही. पण हाच प्रयोग शाळा चालू असताना डिसेंबरात करायचा ठरवलात तर तोच ढाळ घात करतो. २२ डिसेंबरला पुण्यात एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते, आणि जमीन त्या दिशेला नुसती अर्धा अंश उतरती असली तर ती सात-आठ मिलिमीटरने लांबते. हिवाळ्यात पाणसळ लावून फरशीखाली पाचरी मारणं सक्तीचं. उन्हाळ्यात ओळंबा सक्तीचा, पाणसळ असली तर बरी.

मोजायचं कधी? बरोबर १२:३१ ला एकच खूण करायची, हा नवशिक्यांचा हमखास गोंधळ. घड्याळ दोन मिनिटं चुकलं की खूण ८ मिलिमीटर बाजूला पडते. त्यापेक्षा १२:२० पासून १२:४५ पर्यंत दर मिनिटाला बिंबाच्या मध्यावर बारीक टिंब काढत जा. टिंबांची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे जवळजवळ सरळ रेषेत जाते. पट्टी लावून ती रेषा ओढा आणि पायबिंदूपासून तिच्यावर लंब टाका. तो लंब म्हणजे मध्यान्हीची सावली. घड्याळ लागलं नाही, होकायंत्रही नाही. फोनमधलं होकायंत्र गच्चीवर तसंही भरवशाचं नसतं, स्लॅबमधल्या सळया त्याला भुलवतात.

दिशा वेगळी काढून दाखवायची असेल तर आपल्याकडची जुनी रीत मुलांना जास्त आवडते. शंकूभोवती, म्हणजे उभ्या काठीभोवती, वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक बाहेरून वर्तुळात शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर ते पुन्हा बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. सूर्यसिद्धान्तात ही कृती दिलेली आहे. मध्यान्हीच्या आधी आणि नंतर सारख्याच वेळाने सावली सारख्याच लांबीची असते, एवढ्यावर ती उभी आहे.

त्याच वेळी नाशिकमध्ये हाच मांड मांडून कोणीतरी बसलेलं हवं. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत कोणाची ना कोणाची मावशी नाशिकला असतेच. तिच्याकडून तीन गोष्टी मागवा: भोकाची उंची, लंबाची लांबी आणि सावली पायबिंदूच्या उत्तरेला पडली की दक्षिणेला. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. १३ मे रोजी नाशिकची सावली उत्तरेला पडते, पणजीची दक्षिणेला, कारण पणजीकरांच्या डोक्यावरून सूर्य मेच्या सुरुवातीलाच उत्तरेकडे गेलेला असतो. पुण्यातही १३ मे ते जुलैअखेर मध्यान्हीची सावली दक्षिणेलाच पडते. २१ जूनला ती एक मीटरला साडेआठ सेंटिमीटर असते. ‘सूर्य नेहमी आपल्या दक्षिणेला असतो’ हे पाठ केलेल्यांना एकदा दाखवाच. पुण्याची सावलीही गृहीत धरू नका, मोजा. दोन-तीन मिलिमीटर निघू शकते. सावल्या एकाच बाजूला असतील तर दोन गावांचे कोन वजा करायचे, विरुद्ध बाजूंना असतील तर मिळवायचे.

आता आकडे. समजा पुण्यात सावली शून्य आली आणि मावशीने कळवलं: उंची १०० सेंटिमीटर, सावली २.६ सेंटिमीटर, उत्तरेला. २.६ भागिले १०० म्हणजे ०.०२६. याचा व्यस्त टॅन काढा (फोनमधलं गणकयंत्र आडवं धरलं की ते बटण दिसतं): १.४९ अंश. हा सूर्याच्या नतांशांतला (डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या कोनातला) फरक, आणि तोच दोन गावांच्या अक्षांशांतला फरक. सरळ अंतर १६४ किलोमीटर धरलं तर ३६० भागिले १.४९ गुणिले १६४, म्हणजे सुमारे ३९,६४० किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. छान वाटतं, पण लगेच पुढची ओळ लिहायला लावा. सावली २.५ मोजली असती तर उत्तर ४१,२३० आलं असतं. २.७ असती तर ३८,१७०. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या एका मिलिमीटरला दीड हजार किलोमीटर. नाशिक जवळ आहे म्हणून सोयीचं, आणि जवळ आहे म्हणूनच चिडखोर.

उदयपूरला कोणी सापडलं तर सोनं. तिथे त्याच दिवशी सावली १०.६ सेंटिमीटर, सरळ अंतर ६७० किलोमीटर, उत्तर ३९,८६० च्या आसपास, आणि एका मिलिमीटरच्या चुकीची किंमत फक्त पावणेचारशे किलोमीटर. पणजी मधली: सावली ५.३ सेंटिमीटर. कोल्हापूर चालेल, पण ते पुण्याच्या पूर्वेला ४० किलोमीटर सरकलेलं आहे, तेवढं पायथागोरसने वजा करावं लागेल. मुंबई मात्र नको. ती पुण्याच्या उत्तरेपेक्षा पश्चिमेलाच जास्त आहे. जोडीदार सहज मिळतो म्हणून लोक मुंबई निवडतात आणि मग पृथ्वीचा परीघ दोन-अडीच पट का आला म्हणून डोकं खाजवतात.

नाशिकशीच भागवायचं असेल तर उंची वाढवा. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरून ३ मीटर उंचीवर भोक बसवलं तर सावली पावणेआठ सेंटिमीटर होते. बिंब आता तीनेक सेंटिमीटरचं आणि फिकट होईल, म्हणून भोक ८ मिलिमीटरचं करा आणि जमिनीवर बाजूने पुठ्ठ्याचा आडोसा उभा करा. तीन मीटरच्या ओळंब्याला स्थिर व्हायला वेळ लागतो. पायबिंदू दोनदा घेऊन मधला धरा.

इथपर्यंतचं काम खरं तर सोपं. कठीण आहे ते १६४ किलोमीटर. फोनच्या नकाशात पुणे आणि नाशिकवर बोट ठेवून सरळ अंतर काढलंत तर प्रयोग तिथेच संपला, कारण ते अंतर फोनने पृथ्वीचा आकार आधीच धरून अक्षांश-रेखांशांवरून काढलेलं असतं. पृथ्वी मोजायला पृथ्वीचंच माप उसनं घेतलं. बहुतेक शाळांच्या प्रदर्शनांत नेमकं हेच केलेलं असतं आणि उत्तर सुंदर येतं, ते यामुळेच.

प्रामाणिक वाट थोडी मळकी आहे. पुणे-नाशिक रस्ता चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा जातो, सुमारे २१० किलोमीटर. हे अंतर जमिनीवरून मोजलेलं आहे. गाडीच्या मीटरवर घ्या किंवा रस्त्याकडेच्या दगडांवरून. मीटर टायरच्या हवेवर अवलंबून असतो, म्हणून वीसेक किलोमीटर दगडांशी ताडून पाहा. मग त्या भागाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या, रस्त्याच्या वळणांवरून ओला दोरा बसवा, सरळ करून मोजा. दोन टोकांतलं सरळ अंतर पट्टीने मोजा. दोरा ३१.५ सेंटिमीटर आणि पट्टी २४.६ आली तर गुणोत्तर ०.७८. २१० ला त्याने गुणलं की १६४. नकाशाचा नुसता आकार वापरला, प्रमाण वापरलं नाही, म्हणून इथे उसनवारी नाही. दोरा घाटातली बारीक वळणं गिळतो, त्यामुळे सरळ अंतर दोन-चार टक्क्यांनी जास्त येण्याकडे कल असतो. येऊ द्या, वहीत तसं लिहा.

भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) हेच त्रैराशिक मांडलं आहे: दक्षिणोत्तर दोन नगरांच्या अक्षांशांतल्या फरकाला त्यांच्यातलं अमुक अंतर, तर ३६० अंशांना किती? त्यांचा परीघ ४९६७ योजनं. योजनाचं माप ग्रंथागणिक बदलतं, तेव्हा त्याचे किलोमीटर करून पाठ थोपटण्यापेक्षा मुलांना पद्धत दाखवणं बरं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. शिबिराच्या सहलीला ही जागा वाईट नाही.

आणि अंतर नीट मोजायचं तर काय करावं लागतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची बाजू, मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ७८ अंश रेखांशालगत उत्तरेला निघाला. वीस वर्षांनी तो पोचला होता वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. १८२३ मध्ये तिथेच वारला, कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. तिथे ओळंब्यानेच दगा दिला. आकाशावरून काढलेलं अंतर आणि जमिनीवर मोजलेलं अंतर यांत कोनाच्या हिशेबात सुमारे पाच विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक निघाला. हिमालयाने ओळंबा स्वतःकडे ओढला असणार, पण मग इतका कमीच का ओढला, या कोड्यातून डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळं असतात ही कल्पना १८५५ मध्ये पुढे आली. तुमच्या एक मीटरच्या दोऱ्यावर पाच विकला म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. तेव्हा सिंहगड ओळंबा ओढत असेल का, याची काळजी सोडा.

एखादं चलाख पोरगं विचारेल: जमीन सपाट असेल आणि सूर्यच जवळ असेल तर? उडवून लावू नका, प्रश्न पक्का आहे. सपाट जमीन धरली तर १६४ किलोमीटरला ०.०२६ ने भागायचं, सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटर उंचीवर येतो. प्राचीन चिनी गणितज्ञांनी सपाट जमीन धरून सावल्यांवरून सूर्याची उंची अशीच काढली होती. गंमत म्हणजे हा आकडा पृथ्वीच्या त्रिज्येच्या, ६,३७१ च्या, जवळ आहे, आणि हा योगायोग नाही: लहान कोनाला टॅन आणि कोन जवळजवळ सारखेच, त्यामुळे तोच भागाकार एका चित्रात त्रिज्या देतो, दुसऱ्यात उंची. पुणे, नाशिक, उदयपूर या तिघांच्या सावल्यांवरून ही दोन चित्रं वेगळी करता येत नाहीत. श्रीनगरपर्यंत गेलं तरी फरक दोनेक टक्क्यांचाच दिसेल. एराटोस्थेनिसला ही अडचण नव्हती, कारण पृथ्वी गोल आहे हे चंद्रग्रहणातल्या गोल छायेवरून आणि दक्षिणेला जाताना नवे तारे वर येतात यावरून आधीच ठरलेलं होतं. त्याने गोलाई सिद्ध केली नाही, गोलाचं माप घेतलं.

डोळ्यांचं एक सांगायलाच हवं. भोकाखाली उजेडाचा ठिपका दिसला की एखादं मूल हटकून खाली वाकून भोकातून वर बघायला जातं. त्या क्षणी सूर्य नेमका तिथेच असतो. स्टँडभोवती दोरी बांधा, एक मोठं माणूस फक्त त्यासाठी उभं ठेवा, आणि खुणा करणाऱ्याची पाठ सूर्याकडे, नजर कागदाकडे. मेच्या उन्हात अर्ध्या तासाच्या वर कोणालाही गच्चीवर ठेवू नका. टोप्या आणि पाणी वर आणून ठेवा, म्हणजे १२:३१ ला कोणी खाली पळणार नाही.

आलेखाचा कागद फेकू नका. त्यावर तारीख, उंची आणि गाव लिहून ठेवा आणि ३० जुलैला, ढगांनी दया केली तर, तोच मांड त्याच जागी मांडून १२:३० पासून १२:५५ पर्यंत पुन्हा टिंबं काढा. मेमध्ये टिंबांची रांग रोज पाव अंशाने, म्हणजे एक मीटरला सव्वाचार मिलिमीटरने, दक्षिणेकडे सरकत होती. आता ती जवळपास त्याच वेगाने उत्तरेकडे परतताना दिसेल. पाठोपाठ दोन दिवसांच्या रांगा मिळाल्या तर त्यांच्यातलं अंतर मोजून मावशीला कळवा.